पावती कुठे आहे? : महाविद्यालयीन विद्यार्थी आणि माहितीची पारख

दरवर्षी १२ ऑगस्टला सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो. ग्रंथप्रदर्शन भरते, प्राचार्य चार शब्द बोलतात, वार्षिक अहवालासाठी एक छायाचित्र काढून ठेवले जाते आणि दुपारी ग्रंथालय पुन्हा नेहमीसारखे शांत होते. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आले आणि १९३१ मध्ये त्यांनी या शास्त्राचे पाच सिद्धान्त मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील चौथा सिद्धान्त वाचकाच्या वेळेविषयी आहे. ग्रंथालयाची सारी मांडणी वाचकाचा वेळ वाचेल अशी असावी, असा त्याचा आशय. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक दुकानात उभे आहे आणि माल कोणत्या फळीवर आहे हे दुकानातल्या माणसालाच ठाऊक नाही, तर ते दुकान किती दिवस चालेल? परंतु प्रतिमेला हार घालणाऱ्या मुलामुलींपैकी किती जणांना ग्रंथालयात जाऊन एखादा संदर्भ स्वतः शोधून काढता येतो, हा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारत नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यानंतर गेली काही वर्षे मी वाणिज्य शाखेच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना प्रकल्प-अहवालाच्या कामी मदत करतो. हे काम हौसेचे आहे. चाळीस-पन्नास पानांचे अहवाल दरवर्षी हातांखालून जातात. मुखपृष्ठ चकचकीत असते, ऋणनिर्देश हृदयस्पर्शी असतो आणि आत गेल्यावर मात्र विचित्र गोष्टी दिसू लागतात. सांगलीतील पतसंस्थांवरच्या एका अहवालात चौथ्या प्रकरणापासून पुढे सांगलीच्या जागी नाशिक आले होते. त्या मुलाला विचारले, तर तो सरळपणे म्हणाला, “सर, झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळाला. सगळेच तिथून घेतात.” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. वडिलांच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर बसणारा, पैशापैशाचा हिशेब चोख ठेवणारा मुलगा होता तो. प्रकल्प म्हणजे काय आणि तो कशासाठी करायचा हेच त्याला कोणी कधी दाखवले नव्हते. विद्यापीठाने अहवाल मागितला, त्याने आणून दिला. मालाची मागणी आली, पुरवठा झाला.

वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियमावली केली. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, साठ टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द, अशा तिच्यात पायऱ्या आहेत. पण ही नियमावली प्रबंध, प्रबंधिका आणि शोधनिबंध यांच्यासाठी आहे. प्रकल्प-अहवाल, गृहपाठ आणि उत्तरपत्रिका तिच्या कक्षेतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. म्हणजे आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी पदवी घेताना आयुष्यातले जे पहिले, आणि पुष्कळदा शेवटचे, संशोधनवजा काम करतात, त्यावर कायद्याचा पहारा नाही. तिथे शिकवणेच कामाचे.

या शिकवण्याला ग्रंथालयशास्त्रात ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. हा शब्दप्रयोग अमेरिकेत १९७४ मध्ये पॉल झुरकोव्स्की यांनी रूढ केला. आपल्याला नेमकी कोणती माहिती हवी आहे हे ओळखणे, ती कुठे मिळेल हे जाणणे, मिळालेली माहिती पारखणे आणि ती कुठून घेतली हे सांगून वापरणे, एवढा त्याचा अर्थ. शब्द परदेशी असला तरी व्यवहार आपल्या पेढीवरचाच आहे. किर्दीत एखादी रक्कम खर्ची पडली की आजोबा विचारत, “पावती कुठे आहे?” पावती नसेल तर ती नोंद कच्ची. मुनीम कितीही विश्वासू असला, तरी हा प्रश्न चुकत नसे. बँकेतही कर्जदाराने दिलेल्या साठ्याच्या पत्रकावर आम्ही कर्ज देत नसू. गोदामात जाऊन पोती मोजत असू. अहवालातल्या प्रत्येक आकड्याला तळटीप हवी असे मी म्हणतो, तेव्हा मुले तोंड वाकडे करतात. ‘पावती लाव’ असे म्हटले की व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलाला ते चटकन कळते.

आता ग्रंथालयाकडे वळू. आपल्याकडच्या पुष्कळ महाविद्यालयांत आजही विद्यार्थी आणि पुस्तके यांच्यामध्ये एक टेबल असते. चिठ्ठी लिहून द्यायची, शिपाई आतून पुस्तक आणून देतो. विद्यार्थ्याला पुस्तकाचे नाव आधीच माहीत असेल तर ही पद्धत ठीक आहे. पण ज्याला विषय माहीत आहे आणि पुस्तक माहीत नाही त्याचे काय? कपाटासमोर उभे राहून, एका पुस्तकाच्या शेजारचे दुसरे पुस्तक हाती घेऊनच वाचक घडतो. मुक्त प्रवेश दिला तर पुस्तके चोरीला जातात, ही ग्रंथपालांची तक्रार खरी आहे, कारण हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांना द्यावा लागतो. तरीही वर्षातून काही तास तरी मुलांना आत सोडावे, असे माझे मत आहे.

आत गेल्यावरही मांडणी समजायला हवी. दुकानात आपण मालाप्रमाणे फळ्या लावतो, हळद असेल तर सारी हळद एका जागी. ग्रंथालयात तसे नसते. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दशांश वर्गीकरणात ज्ञानशाखेप्रमाणे क्रमांक असतात. बँकव्यवसाय ३३२.१, सहकार ३३४, व्यापार ३८१ च्या आसपास, हळदीचे पीक ६३३ मध्ये, हिशेबशास्त्र ६५७, व्यवस्थापन ६५८. त्यामुळे हळदीच्या व्यापारावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चार-पाच कपाटांपुढे उभे राहावे लागते. हे त्याला ठाऊक नसेल तर एका कपाटात हळद सापडली नाही की तो म्हणतो, आपल्या ग्रंथालयात या विषयावर काहीच नाही. पुस्तकाच्या पाठीवरचा तो बोधांक म्हणजे काय, हे समजायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास तीन वर्षांच्या वेळापत्रकात कुठेही नसतो.

शोधायचे कोणत्या नावाने?

सर्वांत अवघड भाग इथून पुढचा. माहिती असते, पण आपण तिला ज्या नावाने हाक मारतो त्या नावाने ती ओ देत नाही. एका विद्यार्थिनीला सांगली जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आणि व्यापाराचा १९५१ पासूनचा आढावा घ्यायचा होता. तिने १९५१ च्या जनगणनेत सांगली जिल्हा शोधला, मिळाला नाही, आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहून ती मोकळी झाली. तिला जवळ बसवून विचारले, “अगं, तेव्हा सांगली जिल्हा होता का?” १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये आसपासच्या संस्थानांचा मुलूख आणि साताऱ्याचे काही तालुके मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये. १९५१ च्या जनगणनेत तो दक्षिण सातारा म्हणूनच सापडणार. आणखी मागे गेले तर १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर आहे. तासगाव, वाळवा, खानापूर हे आजच्या सांगलीतले भाग त्यात साताऱ्याचे म्हणून येतात. खुद्द सांगली आणि मिरज तेव्हा संस्थाने असल्याने त्यांच्यासाठी संस्थानी अहवाल पाहावे लागतात. सांगलीचे स्वतंत्र गॅझेटियर १९६९ चे आहे.

ती मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे सर, आमचे पणजोबा दुकान घालायला साताऱ्यात आले असे आजी सांगते, ते साताऱ्यात नाही, तासगावात आले होते तर!” घरात तीन पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट तिला एका जनगणनेच्या तक्त्यामुळे उलगडली. तिचा पुढचा अहवाल तिने स्वतः लिहिला. त्यात चुका होत्या, पण त्या तिच्या होत्या.

शब्दांचा असाच दुसरा घोटाळा मराठीतून इंग्रजीत जाताना होतो. ‘पतसंस्था’ आणि ‘सहकारी बँक’ हे शब्द आपण बोलताना एकासाठी दुसरा वापरतो. पतसंस्थांवर अहवाल लिहिणारी मुले रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचे नागरी सहकारी बँकांचे तक्ते उचलून आणतात आणि ते पतसंस्थांचे म्हणून छापतात. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. सहकारी बँकेला तो असतो. हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, जे फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढले, बँकेतल्या ठेवीला आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या समाजातील किती कुटुंबांनी घरातल्या लग्नासाठी जमवलेली रक्कम हा फरक न कळताच ठेवलेली असते, हे मी बँकेच्या खिडकीपलीकडून पाहिले आहे. ज्या मुलाने तक्त्यावरचे शीर्षक नीट वाचायला शिकले, तो उद्या घरातल्या मोठ्यांना हा फरक सांगू शकेल.

सर्वांत मोठी बाजारपेठ

सांगलीवर अहवाल लिहायचा म्हटले की पहिले वाक्य ठरलेले असते: सांगली ही आशियातील, काहींच्या मते जगातील, सर्वांत मोठी हळद बाजारपेठ आहे. आपल्या मंडळींनाही हे वाक्य प्रिय आहे, आणि का नसावे? गणपती पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत हळदीवर किती घरे उभी राहिली! तरीही मी विद्यार्थ्यांना त्या वाक्यावर अडवतो. मोठी कशाने? आवकेने, उलाढालीने की साठवणुकीने? कोणत्या वर्षी? तेलंगणातील निजामाबाद आणि तमिळनाडूतील इरोड यांचेही असेच दावे आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय निजामाबादला गेले. मराठवाड्यातील हिंगोली आणि वसमत येथील बाजारही आता लहान राहिलेले नाहीत. शिवाय सांगलीत विकली जाणारी सारी हळद सांगलीच्या शेतातली नसते. ती कर्नाटकातून आणि इतर जिल्ह्यांतूनही येते. म्हणजे ‘सांगलीची हळद’ आणि ‘सांगलीच्या बाजारातली हळद’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या अर्जाची कागदपत्रे भौगोलिक निर्देशांक नोंदणी कार्यालयाच्या नियतकालिकात पाहता येतात. त्यात पिकाचे क्षेत्र, वैशिष्ट्य आणि परंपरा यांविषयी अर्जदाराने काय पुरावे दिले, हे वाचणे हाच एक चांगला धडा आहे.

मग मुले बाजार समितीचे आकडे आणायला जातात. केंद्र शासनाच्या अ‍ॅगमार्कनेट संकेतस्थळावर रोजची आवक वजनात आणि भाव क्विंटलमागे मिळतात. वर्तमानपत्रातली बातमी पोत्यांत बोलते. एकाने पोती आणि क्विंटल एकाच रकान्यात मिळवले होते. दुसऱ्याने आर्थिक वर्षाची उलाढाल आणि हळदीच्या हंगामाची आवक यांचा भागाकार करून सरासरी भाव काढला होता आणि तो बाजारात कधीच न निघालेला भाव होता. त्याच्याच घरी अडतीचे दुकान. वडिलांनी तो आकडा पाहून विचारले, “हा भाव तुला कोणी दिला? मला सांग, मी सगळा माल त्यालाच विकतो.” या एका वाक्याने त्याला जे शिकवले, ते माझ्या तीन बैठकांनी शिकवले नव्हते. घरातल्या जाणत्या माणसाने मुलांचा अहवाल वाचावा, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

हरिपूरच्या पेवांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना तर पुस्तकांपेक्षा माणसांकडेच जावे लागते. जमिनीखालच्या त्या कोठारांत वर्षानुवर्षे हळद टिकत असे. पुरांनी आणि आधुनिक गोदामांनी त्यांचा वापर उतरणीला लावला. ज्यांनी पेवात माल उतरवला, ते लोक आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मुलाखत हा प्रथम दर्जाचा पुरावा आहे, पण मुलाखत म्हणजे गप्पा नव्हेत. तारीख, स्थळ, सांगणाऱ्याचे वय, त्याने स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे वेगवेगळे लिहायचे. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव, तिथी आणि कोणासाठी प्रत केली हे नोंदवीत असे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी अशाच निरनिराळ्या प्रती ताडून पाहत प्राकृत ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या सिद्ध केल्या. पावती मागण्याची ही सवय आपल्या भागाला नवी नाही.

साताऱ्याच्या विद्यार्थ्यांचे भाग्य असे की मराठी विश्वकोशाचे घर त्यांच्या जिल्ह्यात, वाईला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. आता सारे खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मुलांना मी एक गोष्ट दाखवतो: नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ आणि लेखकाचे नाव असते. म्हणजे कोणी लिहिले आणि कशाच्या आधारे, दोन्ही कळते. मोबाइलवर फिरणाऱ्या किती मजकुरांविषयी हे म्हणता येईल? मात्र जुन्या खंडातील लोकसंख्येचा किंवा उत्पादनाचा आकडा आजचा म्हणून उतरवून घेणारेही भेटतात. विश्वकोश शोधाचे पहिले पाऊल आहे, तिथून पुढे जायचे असते.

वाई तालुक्याचेच आणखी एक उदाहरण. साताऱ्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी करून १९४० मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. महाविद्यालयाच्या फाटकावरील हे नाव मुले रोज वाचतात. त्या नावाच्या माणसाने आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या खर्चाचा आणि उत्पन्नाचा हिशेब कसा मांडला, हे मात्र फारच थोड्यांनी पाहिलेले असते. शेतमालाच्या व्यापारावर प्रकल्प करणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक निदान एकदा चाळावे.

पडद्यावरचा मजकूर

ग्रंथालयाबाहेरच्या साधनांची आज ददात नाही. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेखाली २०१० पासून अनुदानित महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके वाचता येतात. महाविद्यालय सभासद असेल तर ग्रंथपालांकडे जाऊन प्रवेशनाम आणि परवलीचा शब्द मागायचा, एवढेच काम. ‘शोधगंगा’वर देशभरातील लक्षावधी प्रबंध खुले आहेत. शिवाजी विद्यापीठातले प्रबंधही त्यात आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. पैसे भरून तयार अहवाल विकत घेणाऱ्या मुलाला हे सारे फुकट आहे हे सांगितले, की आधी त्याचा विश्वास बसत नाही.

पण साधन हाती येणे आणि पारख येणे यांत अंतर आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे तपासायला दिली होती. इतिहासाचे पंडित आणि हुशार विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले, बोधचिन्ह, नाव, मांडणी पाहून अनेकदा फसले. तथ्यतपासनीसांनी पान उघडल्याबरोबर ते सोडले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते दुसऱ्या पानांवर पाहिले. त्यांना वेळही कमी लागला आणि निष्कर्षही अधिक बरोबर निघाले. बाजारात नवा व्यापारी उधारीवर माल मागायला आला, तर आपण त्याच्याच तोंडून त्याची पत ऐकत बसत नाही. शेजारच्या पेढीवर विचारतो. तथ्यतपासनीसांनी नेमके तेच केले.

गेल्या दोन-तीन वर्षांत चॅटजीपीटीसारख्या साधनांनी झेरॉक्सच्या दुकानाची जागा घ्यायला सुरुवात केली आहे. भाषा सफाईदार, परिच्छेद नीटनेटके आणि शेवटी संदर्भसूचीसुद्धा! ती सूची मी ग्रंथालयात ताडून पाहतो, तेव्हा काही पुस्तके अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, शीर्षक काल्पनिक, असेही होते. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी अशाच साधनाने रचलेले, कधीच न झालेल्या खटल्यांचे दाखले सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. या साधनांना बंदी घालावी असे मी म्हणत नाही. इंग्रजी शोधशब्द सुचवून घ्यायला मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण त्यांनी दिलेला प्रत्येक दाखला म्हणजे न वटलेला धनादेश समजावा. ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तक सापडले, पान उघडून पाहिले, म्हणजे तो वटला.

या पारखेची किंमत गुणपत्रिकेपेक्षा मोठी आहे. दरमहा ठरावीक टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या योजना आपल्या भागात येत असतात आणि त्या आधी ओळखीच्या, नातेवाइकांच्या वर्तुळातूनच फिरतात. कोणीतरी कंपनीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र भ्रमणध्वनीवर पाठवतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे कंपनी नोंदलेली असणे आणि तिला लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी असणे या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. गुंतवणूक सल्लागाराची नोंदणी सेबीच्या यादीत पाहता येते. ठेवी गोळा करणाऱ्या संस्थेविषयी रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येते आणि तक्रारही करता येते. ते २०१६ पासून चालू आहे. इमारतीचा प्रकल्प महारेरावर आणि पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक त्या विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. हे दहा मिनिटांचे काम आहे. ज्या विद्यार्थ्याला हळदीच्या एका वाक्यासाठी तीन ठिकाणी पडताळा घ्यायला शिकवले, तो घरी आलेल्या असल्या कागदावर सही होण्यापूर्वी ही दहा मिनिटे काढील.

कोणी शिकवायचे? ग्रंथपाल म्हणतात, आम्हाला तास नाही. प्राध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम पुरा होत नाही. दोघांचेही खरे आहे. माझा अनुभव असा की ग्रंथपालाने एकट्याने जुलैमध्ये घेतलेले ‘ग्रंथालय परिचय’ व्याख्यान ऑगस्टपर्यंत विसरले जाते, कारण तेव्हा मुलांना काही शोधायचेच नसते. विषय ठरल्यावर, प्रकल्पाच्या आठवड्यात, प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांनी एकत्र बसून घेतलेले तीन तास अधिक उपयोगी पडतात. अहवालाच्या गुणांतले दहा गुण संदर्भ पडताळणीला ठेवले तर झेरॉक्सचे दुकान आपोआप ओस पडेल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात ‘कमवा व शिका’ योजनेतून किती पिढ्या शिकल्या! आजही अनेक महाविद्यालयांत या योजनेतली मुले ग्रंथालयात पुस्तके लावतात. रोज पुस्तके लावणाऱ्या या मुलांना बोधांक पाठ असतात. त्यांनाच इतर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक केले, तर नवा खर्चही नाही. एका ठिकाणी आम्ही हे करून पाहिले. सुतारकाम करणाऱ्या वडिलांचा मुलगा मोठ्या अडत्याच्या मुलीला कपाटांमधून फिरवून ३३४ आणि ३८१ मधला फरक समजावून सांगत होता.

आपल्या कुटुंबांनी करण्यासारखे एक काम राहते. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सांगलीच्या नगर वाचनालयात ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी शिरले आणि जुनी पुस्तके मोठ्या संख्येने भिजली. त्याच पुरात पेठेतल्या किती माळ्यांवरच्या आणि तळघरांतल्या वह्या गेल्या, याची मोजदाद कोणी केली नाही. ज्यांच्या घरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे रोजमेळ, खतावण्या, आवक-जावकाच्या वह्या, विक्रीच्या पट्ट्या अजून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील वाणिज्य विभागाला एकदा दाखवाव्यात. नावे झाकून, उधारी-वसुलीची खासगी पाने वगळून, निदान भाव आणि आवक यांच्या पानांची छायाचित्रे काढू द्यावीत. पावसाळ्याआधी त्या वह्या वरच्या मजल्यावर हलवून, प्रत्येकीवर वर्ष आणि दुकानाचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली तरी पुष्कळ झाले. घरातल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम मेच्या सुट्टीत सांगता येईल.